पंचमीला टाकी फुगली

ज्या वर्षी माझ्या नातीला, पायलला, पहिली लेक झाली आणि बेंदूर झाल्यावर आम्ही तिचं बारसं घातलं, त्या वर्षीच्या नागपंचमीची ही गोष्ट. म्हणजे सन दोन हजार चोवीस. सकाळी वारुळाची पूजा करून मी घरी आले होते. पुरणाची डाळ निवडायला घेतली होती, तोवर चांददादा दारात येऊन उभा राहिला. धाप लागली होती. एक हात चौकटीला, एक हात छातीवर.

"आक्का, चल. टाकी फुगली."

"किती?"

"लाल पट्टा समदा भायेर आलाय."

हातातली परात मी खाली ठेवली. आतून पायल म्हणाली, "आज्जी, काय झालं गं?"

"तू बाळाला घिऊन बस," मी म्हणाले आणि पदर खोचून निघाले. निघाले म्हणजे पळालेच. ह्या वयात मी पळू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

टाकी म्हणजे आमच्या वाडीची गॅसची टाकी. शिराळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून आमची वाडी आहे. शेण आणि हत्तीगवताची कुट्टी पाण्यात कालवून एका बांधीव विहिरीत सोडायची. ती आत कुजते आणि तिचा वायू होतो. विहिरीवर लोखंडी टाकी पालथी घातलेली आहे, गुळाची काहील पालथी घालावी तशी. वायू भरला की टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. तिथून पिवळ्या नळ्या घराघरांतल्या शेगड्यांना गेल्या आहेत. सांगलीच्या एका संस्थेनं हे बांधून दिलं. वर्षभर वाडीनं सगळं नियमानं चालवलं तर टाकी वाडीच्या ताब्यात द्यायची, नाहीतर बंद करायची, असं ठरलं होतं. वर्ष भरत आलं होतं आणि संस्थेचा इंजिनीयर प्रथमेश पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होता.

टाकी बंद झाली तर काय, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा. पुन्हा ओलं जळण, पुन्हा फुंकणी, पुन्हा डोळ्यांची आग. माझी सासू त्या धुरात खोकून खोकून गेली. पायलच्या लेकीला तो धूर माहीतही होऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

चांददादा त्या टाकीचा राखणदार. चांदसाहेब मुल्ला, मूळचा कुंडलचा. तरणा असताना आमच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला आला आणि वाडीतच राहिला. सगळी हयात पंपाखाली गेली. कुणाची मोटर जळली, कुणाच्या पंपानं पाणी सोडलं, की चांदसाहेबाला हाक. पेपरात नाव यावं असं त्यानं काही केलं नाही. वाडीच्या पिकाला पाणी मिळालं, एवढंच.

मला पाठचा-पुढचा भाऊ नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्या पंचमीच्या आदल्या दिवशी सासूनं विचारलं, "भावाचा उपास कुणाच्या नावानं धरनार गं?" आमच्याकडं सगळ्या बायका त्या दिवशी आपापल्या भावासाठी उपास धरतात. माझ्या डोळ्यांत पाणी. अंगणात रॉकेलमध्ये नट धूत बसलेला हा पोरगा मान वर न करता म्हणाला, "मावशी, माजं नाव घाला की. मला बी भन न्हाई."

सासू म्हणाली, "आरं, तू मुसलमान."

"मग काय झालं? भूक तिला लागनार, मला थोडीच लागनार हाय?"

सासू एवढी हसली की तिला ठसका लागला. आणि ठरलं ते ठरलं. दर श्रावणात मी त्याच्या नावानं उपास धरला. तो मला बांगड्या आणायचा. आणि पंचमीला आम्ही पाळतो ते सगळं तोही पाळायचा. विळी नाही, कोयता नाही, जमिनीत कुदळ नाही. त्याच्या घरी शकिलावहिनी तवा चढवायची नाही. कुणी हसलं तर म्हणायचा, "भनीचा उपास वाया घालवू व्हय?"

तर आम्ही दोघं टाकीपाशी पोचलो. कुंपणापाशी बनुबाई उभी होती. ती आमच्या बचत गटाची अध्यक्ष. टाकी तिच्या गटाच्या हवाली आणि तिच्या तोंडाला सगळी वाडी वचकून. पण त्या वेळी तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी टाकीकडं बघितलं. एरवी लाल पट्टा आतच बुडालेला असतो. आज सबंध पट्टा वर, आणि कडेच्या शेणपाण्यातून वायू निसटून बुडबुडा फुटत होता. एक. मग थांबून आणखी एक. नासक्या अंड्यासारखा वास येत होता.

"एवढी कशी फुगली?" मी विचारलं.

"त्यास्नी इचार," दादा म्हणाला.

बनुबाई म्हणाली, "आज कुट्टी कापायची न्हाई म्हनून काल दोन दिसांचं गवात कापलं आन घातलं. सन बी पाळला, काम बी झालं. माझं काय चुकलं?"

आदल्या दिवशी दादा छाती दाखवायला सांगलीला गेला होता. तो नसताना हे झालं होतं.

"बनुबाई," दादा म्हणाला, "उद्या सन हाय म्हनून म्हशीला दोन दिसांची वैरन एकदम चारता का?"

"म्हस आन टाकी एकच व्हय?"

"एकच. हिला निस्ती शेपटी न्हाई."

संस्थेनं नियम कागदावर दिले होते. दादानं ते शेडच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवले होते. मी अक्षरं उतारवयात शिकले आणि वाचायचा सराव त्याच भिंतीवर केला, त्यामुळं मला ते तोंडपाठ होते. रोज ठरलेलाच चारा. लाल पट्टा दिसला की जादा वायू उंच नळीच्या टोकाला पेटवून द्यायचा. त्या नळीला वाडी मशाल म्हणते. मशालीजवळ गवत, कडबा नको. वायू उघड्यावर सोडायचा नाही. कुंपणाजवळ दिवा, काडी, विडी नको.

"मग मशाल पेटवा की," मी म्हणाले.

दादानं नुसतं बोट दाखवलं. मशालीला टेकून ताडपत्री घातलेली कडब्याची मोठी गंजी उभी होती. लिंबाच्या झाडाला पंचमीचा झोका बांधायचा, खाली बायकांनी फेर धरायचा, म्हणून पोरांनी तिथली गंजी उचलून मशालीच्या कडेला रचली होती. चार गडी सकाळपासून राबले होते. आणि ते गडी, त्यांच्या बायका, पोरं, सगळी वाडी टेंपो भरून शिराळ्याच्या यात्रेला गेली होती. राहिलो होतो आम्ही म्हातारे-कोतारे आणि बाळंतीण.

कुंपणापलीकडं वारूळ. वारुळापुढं सकाळच्या पूजेची निरांजनं अजून तेवत होती, उदबत्त्यांचा धूर वर चढत होता. आणि टाकी बुडबुडे सोडत होती.

दादानं लांब वडाखाली जाऊन प्रथमेशला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. पलीकडून पोरगं म्हणालं,

"काका, मशाल अजिबात पेटवू नका. झडप उघडून गॅसही सोडू नका. आधी ते दिवे लांब न्या."

"आन मग?"

"मग वापरा. वाडीतल्या सगळ्या शेगड्या चालू करा. तेवढंच आहे आपल्या हातात. पट्टा खाली गेला की मला कळवा. मी निघतोच, पण पोचायला संध्याकाळ होईल." मग हळू आवाजात म्हणाला, "काका, आज काही झालं तर उद्या मला टाकी बंदच करावी लागेल. माझाही इलाज नाही."

"झालं न्हाई तर?"

"तर बघू."

बनुबाई वारुळाकडं धावली आणि निरांजनापाशी वाकली. मी ओरडले, "फुकू नगंस! पूजेचा दिवा हाय!"

"मग काय करू? हितंच ठिऊ?"

"उचल. चालव. विझवायचा न्हाई, हलवायचा."

आम्ही दोघींनी निरांजनं ताटात घेतली, पदराआड धरली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगानं चालत निघालो. उदबत्त्या दादानं ओल्या मातीत खुपसल्या आणि आभाळाकडं बघून म्हणाला, "नागोबा, वास उद्या घे." बनुबाईला त्या गडबडीतही हसू फुटलं. तिचं निरांजन हललं तशी मी तिच्यावर खेकसले. दिवे माझ्या देवळीत नेऊन ठेवले आणि आम्ही घरं उघडायला लागलो.

आमच्या वाडीत कुलपं लावतात ती शेळ्या-कुत्र्यांसाठी. किल्ली दाराच्या चौकटीवरच असते. पण दुसऱ्याच्या घरात मालकाच्या माघारी शिरायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. बनुबाईला नाही वाटलं. ती चौकटीवर हात फिरवायची, किल्ली काढायची आणि जोरात म्हणायची, "आले गं बाई! टाकीच्या कामाला आले!" रिकाम्या घरालाच.

घरी राहिलेल्या सगळ्या सासवा गोळा झाल्या. शकिलावहिनी आली. पेटती शेगडी सोडून जायचं नाही, हाही भिंतीवरचा नियम. म्हणून एका घराला एक बाई.

दादा म्हणाला, "पातेली भरून निस्तं पानी ठिवा. उकळू द्या."

बनुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सनाच्या दिशी निस्तं पानी? मेलेल्या मानसाला आंगूळ घालायचीय व्हय?"

"मग?"

"मग सैपाक! संध्याकाळी समद्यांच्या घरात दिंडं हुनारच हायती. आत्ताच करू. डाळ शिजायला येळ लागतो, गॅस जळंल तेवढा जळू दे."

पंचमीला तळायचं नाही, भाजायचं नाही, पण उकडायला मनाई नाही. पुरण भरलेली दिंडं वाफेवरच होतात. गूळ सगळ्यांनी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेला असतो. ज्याच्या त्याच्या घरात डाळ होती, पीठ होतं. कमी होती ती माणसं. आणि शेगड्या जास्त होत्या.

मग जी काही धांदल उडाली! ह्या घरातून त्या घरात हाका. "गूळ कुठं ठिवलाय गं हिनं?" "फळीवर बघ, फळीवर!" "आगं, हिनं तर पुरनाला साखर काढून ठिवलीया. लय शानी झालीया सून माजी!" माझ्या घरात पायल मांडीवर बाळ आणि समोर पातेलं घेऊन बसली होती. बनुबाईनं जिन्नस घेता घेता सगळ्यांच्या संसाराचा झाडा घेतला. कुणाची डाळ किडकी, कुणाचं तूप विकतचं, सगळं तिला कळलं. पुढं वर्षभर तिला ते पुरलं.

तरी एक शेगडी उरली. भाऊसोच्या घरची, शेवटच्या आळीतली. भाऊसो म्हणजे गंजी हलवणाऱ्या पोरांचा म्होरक्या. माणूस शिल्लक नव्हतं.

"म्या बसतो," दादा म्हणाला.

शकिलावहिनीनं कपाळावर हात मारला. "आवं, जलमात कवा चा तरी केलाय का तुमी?"

"इंजिन उकळलेलं लय बगितलंय म्या. पातेलं काय अवघड हाय?"

मी टाकी आणि आळी अशा खेपा घालत होते. पहिल्या खेपेला बुडबुडे तसेच. दुसऱ्या खेपेला तसेच. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मनात म्हणत होते, काल उपास धरलाय, त्याचं काहीतरी फळ दे. भावाला उतारवयात ही एक नोकरी लागलीय, तिच्यावर बोल येऊ देऊ नको.

भाऊसोच्या घरात डोकावले तर दादा पाटावर बसून दिंडाच्या कडा दुमडत होता. जीभ बाहेर, डोळे बारीक. वहिनी समोरच्या घरातून, आपली शेगडी न सोडता, शिकवत होती.

"आसं न्हवं, चारी बाजूनं. पुरन भायेर आलं की फुटतं."

"कळलं गं. पॅकिंग बसवल्यावानी हाय हे. गळाय नगं." आणि त्यानं एक दिंड एवढं चौकोनी, एवढं घट्ट बसवलं की वहिनी बघतच राहिली. मग म्हणाली, "येवडी वरसं उगाच तुमाला आयतं घातलं."

तिसऱ्या खेपेला मी कुंपणापाशी उभी राहिले आणि कान दिला. बुडबुडा नाही. वाट बघितली. नाही. पट्ट्याकडं बघितलं. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. पट्ट्याची खालची कड पाण्याला टेकली होती.

मी आळीत धावले. शब्द फुटेना. बनुबाई तिच्या दारातून ओरडली, "आगं बोल की! फुटली का टाकी?"

"टेकली! पट्टा टेकला!"

एकेका दारातून म्हाताऱ्या आरोळ्या द्यायला लागल्या. पण एकही जागची उठली नाही. पेटती शेगडी सोडून जायचं नाही. ज्या त्या शेगडीपुढून, ज्या त्या घरातून, "टेकली गं! टेकली!" असा गजर झाला. नाचणाऱ्या बायका पुष्कळ बघितल्या, बसल्या जागी नाचणाऱ्या तेवढ्याच.

दुपार उतरेपर्यंत पट्टा सगळा आत गेला. शेगड्या एक एक करून बंद झाल्या. दादानं स्वतः फिरून प्रत्येक खटका बघितला. मग आम्ही सगळ्या लिंबाखाली जमलो. बनुबाई सरळ झोक्यावर जाऊन बसली.

"चांदसाब, ढकला वाईच."

"तुमास्नी ढकलाय क्रेन लागंल."

"मग आक्का, तू ये." मी ढकललं. पांढऱ्या केसांची ती बाई वर गेली, फांदीला पाय लावून आली, आणि पोरीसारखी किंचाळली. दादा बुंध्याला टेकून बसला होता. हात छातीवर होता, पण तोंडभर हसत होता. बांगड्यांचा पुडा त्यानं तेव्हा खिशातून काढला. "सांगलीच्या हायती औंदा. शिराळ्याला जाया गावलंच न्हाई."

दिवस मावळताना टेंपोचा भोंगा वाजला. माणसं दमून, भुकेजून उतरली. घराघरात दिव्याखाली दिंडांची पातेली झाकून ठेवलेली. भाऊसो घरात शिरला तर चांददादा परत त्याच्या शेगडीपुढं पाटावर जाऊन बसलेला. पोरगा दारातच थबकला.

"चाचा, ह्ये माजंच घर न्हवं?"

"तुजंच. हात धू आन जेव. मग त्या गंजीचं बोलू."

तेवढ्यात प्रथमेशची मोटरसायकल आली. रात्री तो दादाकडंच राहिला. सकाळी उठून बघतो तर गंजी जुन्या जागी गेलेली. भाऊसोनं आणि पोरांनी उजाडायच्या आधी हलवली होती. प्रथमेशनं टाकी, झडपा, नळ्या, सगळं तपासलं. आम्ही बायका कुंपणाबाहेर ओळीनं उभ्या. बनुबाई पुढं झाली.

"सायब, चारा म्या घातला. चांदसाब नव्हतं हितं. काय ल्ह्यायचं ते माज्या नावावर ल्ह्या."

दादा म्हणाला, "राखनदार म्या हाय. चारा किती घालायचा ते सांगून जायाला पायजे हुतं."

प्रथमेशनं दोघांकडं बघितलं. मग म्हणाला, "चूक आमचीही आहे. हे नियम आम्ही सांगलीत बसून केले. पंचमीला कापायचं नसतं, वाडी यात्रेला जाते, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. भिंतीवर जागा शिल्लक आहे ना? एक नियम वाढवा. मग मी सही करतो."

दादानं निळ्या रंगाचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"मला न्हाई येत भिंतीवर," मी म्हणाले.

"भिंतीवर वाचाय शिकलीस. ल्ही."

सगळी वाडी बघत होती. पायल बाळाला घेऊन उभी होती. मी लिहिलं: पंचमीच्या आदल्या दिवशी रोजच्याएवढाच चारा. आणि ब्रशमध्ये रंग उरला म्हणून खाली आणखी एक ओळ: पंचमीला टाकीला उपास.

ओळ तिरकी गेली, शेवटाला खाली उतरली. प्रथमेशनं दोनदा वाचली आणि सही केली. टाकी वाडीची झाली.

"सरळ करू का वळ?" मी दादाला विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "कुनी लिवली ते कळतंय."

यंदाच्या पंचमीच्या आदल्या दिवशी मी उपास धरला. टाकीला रोजच्याएवढाच चारा घातला. दुसऱ्या दिवशी तिलाही उपास. पट्टा आतच राहिला. बांगड्या शकिलावहिनीनं आणून दिल्या आणि माझ्या हातात तिनंच चढवल्या.

त्याआधी उन्हाळ्याच्या तोंडाला एका पहाटे बनुबाई शकिलावहिनीच्या शेगडीपुढं बसली होती. शेगडीवर मोठं पातेलं होतं आणि पातेल्यात नुसतं पाणी होतं. बाहेर माणसं जमत होती, कुणीतरी तिला हाक मारली, पण पाणी तापेपर्यंत ती तिथून उठली नाही.

माझा भाऊ चांदसाहेब मुल्ला दोन हजार पंचवीस सालच्या मार्च महिन्यात, रमजान चालू असताना, शुक्रवारी पहाटे वारला.